घाण्याचं खोबरेल आणि माझे खरबरीत हात: सात महिन्यांनंतर

आधी हातांचं सांगतो, मग तेलाचं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात कामाला आहे. पोत्यात हात घालायचा, हळकुंड मोडून आतला रंग दाखवायचा, दिवसभर हेच. त्यामुळे पेरं कायम पिवळी आणि तळहात किसणीसारखे. लेक नोव्हेंबरात झाली. बाराव्या दिवसापासून तिला मालिश करून न्हाऊ घालायला मावशी यायच्या. सव्वा महिना झाला आणि त्यांनी पुढचं घर धरलं. बायकोचं सिझर झालेलं, आईचे गुडघे धरलेले. उरलो मी.

पहिल्यांदा एका मित्रानं दिलेली ऑलिव्ह तेलाची देखणी बाटली उघडली. आठवड्याभरात पोरीच्या पोटऱ्या पांढुरक्या, कोरड्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, यात ओलेइक आम्ल फार असतं, त्यानं त्वचेचा वरचा थर सैल पडतो, तान्ह्याला नको. ती बाटली आता डोशाच्या तव्याला लागते. मग लाकडी घाण्याचं खोबरेल आणलं. आधी एक थेंब तिच्या दंडाला लावून दिवसभर बघितलं आणि मगच अंगाला लावलं. कोरडेपणा पंधरा दिवसांत गेला.

तेल किती लागतं असं बरेच जण विचारतात. चहाचे दोन चमचे पुरे. अर्ध्या लिटरची बाटली मला दीड महिना सहज जाते.

तेलाबद्दल पहिली तक्रार थंडीतली. खोबरेल 24 अंशांच्या आसपासच थिजतं, आणि डिसेंबरात आमच्याकडे पहाटे बाटलीत नुसता पांढरा दगड. आईनं एकदा वाटी थेट गॅसवर धरली. बरं झालं, आधी माझं बोट त्यात गेलं. तेव्हापासून वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतो आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघतो. दुसरी तक्रार दुपट्यांची. डाग जात नाहीत आणि आठवड्यानं खवट वास मारतो. दोन जुनी दुपटी मालिशीसाठीच ठेवून द्या, हौसेचं एकही त्यात घालू नका.

हाताचा दाब किती असावा, यावरून मात्र घरात रोज सभा भरायची. आमचे आप्पा कवठेपिरानचे, म्हणजे हिंदकेसरी मारुती माने यांच्या गावचे. तरुणपणी तालमीत अंग रगडून घेतलेलं, त्यामुळे त्यांना मालिश म्हणजे तेच. ‘‘अरे, पाहुण्यासारखा काय हात फिरवतोयस? रगड की जरा! पोरगी पैलवान झाली पाहिजे.’’ मावशींचा हातही जडच होता. त्या पाय धरून उलटं लोंबकळवायच्या, नाकात तेलाचा थेंब सोडायच्या. पोरगी किंचाळायची आणि सगळे म्हणायचे, रडली की फुप्फुसं मोकळी होतात. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला लावलं. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं. कानातही नको. टाळूवर नुसतं बोट फिरवायचं, दाबून तेल भरायचं नाही.

मी सुरुवात पायांपासून करतो. अंगठी काढून ठेवतो, नखं कापलेली असतात, हात साबणानं दोनदा धुतो (पिवळेपणा तरी राहतोच, आई म्हणते हळद लावायचा खर्च वाचला). तेल आधी तळहातावर चोळून घ्यायचं. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन्ही हातांत पाय धरून, गाईची धार काढावी तसं हलक्या हातानं खाली यायचं. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गोल, कारण मोठं आतडं त्याच वाटेनं जातं. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी या गोलाच्या तिसऱ्या फेऱ्याला असा दणदणीत आवाज झाला की आप्पा बाहेरच्या खोलीतून ‘‘झालं का मोकळं?’’ म्हणाले. पाजल्यावर अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्यायचा, नाहीतर सगळं दुपट्यावर येतं. हेही अनुभवानंच कळलं.

एक चूक सांगून टाकतो. जानेवारीत तेलकट झालेल्या पोरीला उचलायला गेलो आणि ती माशासारखी सटकली. माझ्या मांडीवरच पडली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मालिश जमिनीवर, सतरंजीवर. उचलायचं ते टॉवेलात गुंडाळून.

एप्रिलमध्ये सांगलीचा उन्हाळा तापला आणि मानेच्या वळ्यांत घामोळ्या उठल्या. दहा दिवस तेल बंद, नुसती आंघोळ. तेव्हा कळलं की मालिशीनंतर तिला झोप लागायची ती काही तेलामुळे नव्हे. कोरडाच हात पाठीवरून फिरवला तरी ती तशीच पेंगायची. हाडं मजबूत होतात, रंग उजळतो, हे मात्र मला कुठं दिसलं नाही. ती आईच्याच रंगाची आहे.

पाचपैकी चार. एक गुण थिजण्याचा आणि दुपट्यांचा कापला.

आता जुलै. पाऊस लागलाय, आप्पा रोज सकाळी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते विचारत बसतात आणि पोरगी आठ महिन्यांची झालीय. पालथी पडून निम्म्या मालिशीतून रांगत निघते. फरशीवर तेलाचे पंजे उमटतात. रडली, तोंड फिरवलं की मी थांबतो, मग अर्धंच अंग झालेलं असलं तरी चालतं. पुढच्या वेळी पाव लिटरचीच बाटली आणणार आहे.