शुक्राणू कमी: दोष जनुकांचा की परिस्थितीचा?

परिस्थितीने झालेले नुकसान बऱ्याचदा भरून येते, जनुकांतले येत नाही. तपासण्यांचा क्रम यावरच ठरतो.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. त्यामुळे तीव्र तापाचा फटका वीर्य तपासणीच्या अहवालात काही आठवड्यांनी दिसतो. कारण दूर केल्यावर फेरतपासणी तीन महिन्यांनी करावी. त्याआधीची बहुधा फुकट जाते. सर्वांत फसवी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शने. बाहेरून हार्मोन मिळताच मेंदूकडून येणारी, वृषणांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स घटतात. पीळदार शरीराच्या माणसाचे शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.

संख्या दर मिलिलिटर ५० लाखांखाली असेल, तर गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्राचे तुकडे गळाले आहेत का, हे पाहतात. शुक्राणूंसाठी लागणारे या गुणसूत्राचे तीन भाग एझेडएफए, एझेडएफबी आणि एझेडएफसी. एझेडएफसी गळाला असेल तर शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा असते. एझेडएफए किंवा एझेडएफबी पूर्ण गळाला असेल तर शस्त्रक्रियेच्या वाटेला जाऊ नये. शिवाय इक्सीने (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या उपचाराने) मुलगा झाला, तर वाय गुणसूत्रातला हा दोष त्याच्याकडेही जातो.

स्त्रियांत जनुके आणि परिस्थिती यांतली रेषा धूसर आहे: रजोनिवृत्तीच्या वयातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक, तरी धूम्रपानाने रजोनिवृत्ती एक-दोन वर्षे अलीकडे येते.