बेळगावला हेलिकॉप्टर घ्यायचंच, तर कुठलं?

खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात आमगावसारखी गावं आहेत. पावसाळ्यात तिथला आजारी माणूस चार जणांच्या खांद्यावरून रस्त्याला लागतो. इकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा चढली की महामार्गच बंद. २०१९ला झाला, २०२१लाही. तेव्हा एखाद्या इस्पितळाने किंवा ट्रस्टने हेलिकॉप्टरचा विषय काढला तर हसू नका. फक्त विक्रेत्याचं चकचकीत माहितीपत्रक बघून ठरवू नका, एवढंच.

दोन इंजिनं हवीतच. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर सुखरूप उतरता आलं पाहिजे.

एअरबसचं एच१३५ सगळ्यांत आटोपशीर, वजन भरून जेमतेम तीन टन. युरोपात रुग्णवाहिका आणि पोलिस, दोघांकडेही ते वर्षानुवर्षं आहे. बेळगाव-हुबळी असा इस्पितळातून इस्पितळात रुग्ण न्यायचा असेल तर पुरेसं. पण एक रुग्ण, डॉक्टर, नर्स आणि ऑक्सिजन चढवला की त्यात फारसं काही उरत नाही.

लिओनार्दो या इटालियन कंपनीचं १०९ दिसायला देखणं. चाकं पोटात घेणारं मॉडेल ताशी २८० किलोमीटरच्या आसपास पळतं. स्वित्झर्लंडच्या रेगा या हवाई बचाव संस्थेने डोंगरातल्या बचावासाठी हेच वापरलं, म्हणजे मशीन कच्चं नाही. पण स्ट्रेचर बाजूच्या दाराने वळवून घ्यावं लागतं. आणि वेगाचं म्हणाल, तर शंभर किलोमीटरला तीन-चार मिनिटं वाचतात. तेवढी तर स्ट्रेचर चढवताना जातील.

बेल ४२९ची केबिन ऐसपैस, मागची दारंही मागवता येतात. माझं मन मात्र शेपटीच्या उघड्या पंख्यापाशी अडतं. आपल्याकडे हेलिकॉप्टर उतरलं की अख्खा गाव धावतो, पोरं पुढे. पोलिसांनी दोरी बांधेपर्यंत निम्मे लोक शेपटीजवळ पोचलेले असतात! एअरबसच्या एच१३५ आणि एच१४५ या दोन्ही मॉडेलांत हा पंखा गोल कड्यात बंदिस्त असतो. जोखीम संपत नाही, पण कमी होते.

म्हणून माझा कल एच१४५कडे, तोही पाच पात्यांच्या मॉडेलकडे. भरून ३.८ टन, आणि आधीच्या चार पात्यांच्या मॉडेलपेक्षा दीडशे किलो जास्त उचलतं. म्हणजे दोन माणसं. मागची दारं उघडली की स्ट्रेचर सरळ आत. पुरात छतावरच्या माणसाला विंचने, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राने, वर घ्यायचं तर ही जादा ताकद लागतेच. सांबरा विमानतळ साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. त्यात एप्रिल-मेचं ऊन, हवा विरळ, त्यामुळे कागदावरचं वजन प्रत्यक्षात उचललं जात नाही. विक्रेत्याला नेमका हाच आकडा विचारा: एवढ्या उंचीवर, ३८ अंशांत, एकाच जागी तरंगत किती किलो?

एचएएलचं ध्रुव बंगळूरचंच, दणकट, पण साडेपाच टनांचं. मोठ्या पुरात ते लष्कराने आणावं. एका इस्पितळाला ते पोसणं झेपणार नाही.

आणि जुलैत कणकुंबीकडे ढग जमिनीला टेकले की यातलं एकही उडणार नाही. त्या दिवसांसाठी आमगावला रस्ता आणि पूलच लागेल. हेलिकॉप्टर दाखवून रस्त्या-पुलाची मागणी कुणी मागे टाकू नये.