कैसरच्या बिल्ल्यात १,४४८ युरो बुडाले: आधी पावतीचा पिनकोड वाचा

बिल्ल्याचे १,३४०, विमा उतरवलेल्या पार्सलचे १८.५०, आणि तो नकली आहे हे लेखी मिळवायला तज्ज्ञाला ९०. एकूण १,४४८ युरो ५० सेंट.

बतावणी नेहमीचीच: आजोबांच्या पेटीत सापडला, वारसांना घाई, दुसरं गिऱ्हाईक तयार. माल म्हणजे जर्मनीचा पदच्युत कैसर (सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मनं नेदरलँड्समधल्या डोर्नच्या वाड्यावरून खाजगीत दिलेला म्हणे चांदीचा बिल्ला, मुकुटाखाली निळ्या मीनाकामातला डब्ल्यू. सोबत १९३१चं टंकलिखित पत्र आणि म्युनिकच्या एका दुकानाची १९७२ची पावती.

मी नवखा नाही. चांदीच्या शुद्धतेचा ८००चा शिक्का, शेजारी जर्मन चांदीची खूण म्हणजे चंद्रकोर आणि मुकुट, फोटोत सगळं पाहिलं. पावती मात्र नुसती वाचली. पत्ता: ८०३३१ म्युनिक.

पाच आकडे! जर्मनीत पाच आकडी पिनकोड १ जुलै १९९३ला आले. १९७२मध्ये तिथे ८००० म्युनिक लिहीत. हा फोटो पैसे पाठवण्याआधी तीन दिवस माझ्या फोनमध्ये पडून होता. इथे जर्मनीत स्वतःच्या पत्त्यात रोज पाच आकडे लिहितो, म्हणून खटकलं नाही; कुणालाही खटकलं नसतं, असं मी स्वतःला सांगतो.

१९१९नंतर पदच्युत राजघराण्यांनी खाजगीत दिलेल्या या चिन्हांचं गॅझेट नाही, सरकारी नोंदवही नाही. म्हणजे भाव कागदाला असतो. आधी कागद तपासा, मग धातू.

पार्सल उघडल्यावर यूव्ही टॉर्च मारला. पत्र निळंपांढरं चमकलं. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ते रसायन कागदात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३१च्या कागदात ते असूच शकत नाही. अॅसिटोनचा बोळा फिरवला तर निळा रंग कापसावर आला. भट्टीत भाजलेला मीना काचेसारखा असतो, अॅसिटोननं हलत नाही. हा लॅकर होता, नुसता वरून लावलेला रंग. डब्ल्यूच्या खाचेत बारीक छिद्रं, म्हणजे ठशाचं काम नव्हे, ओतीव. शिक्क्याच्या कडाही वितळल्यासारख्या.

ऑनलाइन पैसे 'मित्र-नातेवाईक' पर्यायानं पाठवू नका. मी पाठवले, चार टक्के सूट मिळाली म्हणून. संरक्षण शून्य.

पोलिसांचं तर विचारूच नका. हवालदारसाहेबांचा प्रश्न: "जे मुळात अधिकृतच नाही, ते नकली कसं असेल?" मी पत्र दाखवलं, पिनकोड दाखवला, टॉर्च घेऊन गेलो होतो तो टेबलावर लावून दाखवला. ते म्हणाले, छान चमकतंय. सात आठवड्यांनी सरकारी वकिलांचं अर्ध्या पानाचं पत्र आलं: विक्रेत्याचाही गैरसमज झालेला असू शकतो, हेतू सिद्ध होत नाही, प्रकरण बंद. फोन केला तर म्हणे दिवाणी मार्ग खुला आहे. दिवाणी म्हणजे वकील, आणि वकिलाची पहिली पावती बिल्ल्याच्या निम्मी.

'खाजगी विक्री, परत घेणार नाही' या ओळीला मात्र घाबरू नका. दोष जाणूनबुजून लपवला असेल तर जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ४४४नुसार ती टिकत नाही. लपवला हे सिद्ध तुम्ही करायचं.

रागाच्या भरात मी विक्रेत्याला लांबलचक मेल लिहिली, पिनकोडची चूक नीट समजावून. गेल्या आठवड्यात तसाच बिल्ला, तसंच पत्र पुन्हा विक्रीला आलं, १,४९० युरोला. पावतीवर आता ८००० म्युनिक आहे.