आठ फुटी पट्टी सहा फूट पावणेसात इंच भरली

छताच्या कडेला लावायची नक्षीची पट्टी, म्हणजे दुकानातल्या भाषेत कॉर्निस किंवा मोल्डिंग, तयार आणून घरच्या घरी लावायचा बेत असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पीओपीवाल्याकडून जागेवर कॉर्निस ओढून घेणाऱ्यांची फसवणूक वेगळ्या वाटेनं होते, तिच्याबद्दल दुसऱ्या कोणीतरी लिहावं. माझी झाली ती तयार पट्टीत. माल खोटा, माप खोटं, आणि दोष मात्र माझ्या हाताला. पहिल्यांदाच करवत धरलेल्या माणसाला 'तुमचंच काहीतरी चुकलं असेल' म्हटलं की तो गप्प बसतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याचा सगळा धंदा त्याच भरवशावर चालतो.

सिंहगड रस्त्यावरचा आमचा फ्लॅट जुना. हॉल 12 बाय 16, छत नऊ फुटांच्या आत, त्यामुळे फॉल्स सीलिंग नकोच होतं. पीओपीची धूळ सासूबाईंच्या दम्याला परवडणारी नव्हती. म्हणून पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनची पट्टी घ्यायचं ठरलं. ती हातकरवतीनं कापता येते, ओल धरत नाही, वाळवी लागत नाही, वरून रंग मारता येतो आणि पीओपीच्या मानानं हलकी असल्यामुळे घरच्या दोघांत लावून होते.

पेठेतल्या एका दुकानात काउंटरवर चार इंची पट्टीचा वीतभर तुकडा ठेवलेला होता. हातात घेतला की वजन लागत होतं. कापलेल्या बाजूनं आतला रंग पिवळट, पोत घट्ट. नखानं दाबून पाहिलं, वण उठला नाही. भाव 180 रुपये रनिंग फूट, एक पट्टी आठ फुटांची. खोलीचा घेर 56 फूट, त्यावर दहा टक्के घट धरून आठ पट्ट्या, म्हणजे 64 फूट. झाले 11,520 रुपये. ते यूपीआयनं दिले. पक्कं बिल मागितलं तर "माल पोचला की व्हॉट्सॲपवर टाकतो की मॅडम," असं उत्तर मिळालं. नंतर आला तो पॅडवरच्या कागदाचा फोटो. वर 'एस्टिमेट', खाली '4 इंच पीयू कॉर्निस, 64 आरएफटी' (म्हणजे रनिंग फूट) आणि रक्कम. असले फोटो पुसू नका. पुढचं सगळं प्रकरण या एका फोटोवर उभं राहिलं.

माल टेम्पोनं आला, बंद खोक्यात. खोक्यावर मार्करनं ठळक '8 फूट' लिहिलेलं.

काम अवघड नाही, फक्त डोकं उलटं चालवावं लागतं. 45 अंशांत कापायच्या पेटीत पट्टी उलटी धरायची. पेटीचा तळ म्हणजे छत आणि उभी बाजू म्हणजे भिंत, एवढं मनात बसलं की कोपरे जुळायला लागतात. पट्टी भिंतीवर किती खाली उतरणार ते मोजून चारही भिंतींवर निळ्या पावडरीची दोरी मारली. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून कोपरे तपासले. तीन बरे निघाले. खिडकीकडच्या कोपऱ्यात गुण्याची एक बाजू टेकली की दुसऱ्या टोकाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट राहत होती. तिथे आधी पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून जुळवले, मग पट्टीला हात लावला. गोंद लागणार त्या पट्ट्यातला जुना डिस्टेंपर घासून काढला, नाहीतर पट्टी भिंतीला न चिकटता रंगाला चिकटते आणि रंगासकट खाली येते. नवरा शिडी धरायला, मी वर. दोन भिंती दृष्ट लागण्यासारख्या झाल्या.

तिसऱ्या भिंतीवर दोन पट्ट्यांच्या मधला सांधा जरा उघडा राहत होता. दुकानानं दिलेला पांढरा गोंद सुकायला वेळ घेत होता. घरात सुताराच्या कामातला, सनमायका चिकटवायचा उग्र वासाचा गोंद उरला होता. त्याचा ब्रश कापलेल्या कडेवरून फिरवला, तशी कड खाली बसायला लागली. आधी वाटलं, गोंद जास्त झाला. बघता बघता अंगठा आत जाईल एवढा खड्डा पडला. त्याच्या काठाला पांढऱ्या चिकट तारा सुटल्या होत्या. वरचा नक्षीचा पापुद्रा जागच्या जागी आणि आत पोकळ.

दुकानात फोन केला. "मॅडम, पीयूला आमचाच गोंद लागतो. तुम्ही भलतंच काहीतरी लावलं. कारागीर का नाही बोलावला?"

खराब झालेला भाग कापून पुढे गेलो. चौथ्या भिंतीला पोचलो तेव्हा हातात एक अखंड पट्टी आणि काही तुकडे, आणि झाकायची भिंत बारा फूट. पुन्हा फोन. "45 डिग्रीत माल जातोच हो. नवीन माणूस कापतो तेव्हा निम्मी पट्टी कोपऱ्यातच संपते. अजून दोन घेऊन जा, तुम्हाला म्हणून 170 लावतो." वर "मिस्टर आहेत का? त्यांना द्या फोन." मिस्टर शिडी धरून उभे होते आणि त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

फोन ठेवून कागदावर हिशेब मांडला. चार कोपरे म्हणजे आठ तिरके काप. प्रत्येक कापात चार इंच गेले असं धरलं तरी घट पावणेतीन फुटांपलीकडे जात नाही. खड्डा पडलेला तुकडा वीतभर. आणि माझ्याकडे घेरापेक्षा आठ फूट जास्त माल असायला हवा होता. तेव्हा उरलेली अखंड पट्टी जमिनीवर ठेवून टेप लावला. सहा फूट पावणेसात इंच. म्हणजे बरोब्बर दोन मीटर. अशा आठ पट्ट्यांचे साडेबावन्न फूट होतात. 56 फुटांच्या खोलीला साडेबावन्न फूट पट्टी, मग कापणारा कितीही कसलेला असो. न आलेल्या साडेअकरा फुटांचे दोन हजारांवर रुपये मी भरले होते, आणि वर माझ्याच हाताला नाव ठेवून तो आणखी दोन पट्ट्या विकायला बघत होता.

मालाचं काय, ते पहिल्या मजल्यावर काम करणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. खड्डा पडलेला तुकडा त्यांनी हातात घेऊन नुसता तोलला. "ताई, पीयू कुठली, ही एक्सपीएस आहे. थर्माकोलचा सख्खा भाऊ."

इथे जरा थांबते, कारण बहुतेकांना माहीत असलेली परीक्षा या मालाला लागू पडत नाही. थर्माकोल मोडला की साबुदाण्यासारखे गोल दाणे दिसतात, म्हणून लोक पट्टीचं टोक मोडून दाणे बघतात. एक्सपीएस हेही थर्माकोलसारखं पॉलिस्टायरीनच, पण ते यंत्रातून सलग दाबून काढतात. त्यात दाणे नसतात. कापलेली बाजू एकसारखी, गुळगुळीत, पांढरीशुभ्र दिसते. मी पहिल्या दिवसापासून कापत होते आणि एकही दाणा सांडला नव्हता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. काउंटरवरचा तुकडा मात्र खरा पीयू होता. दाखवायचा एक आणि खोक्यात भरायचा दुसरा, ही यातली मुख्य हातचलाखी.

खात्रीची परीक्षा घरात असते. नेलपॉलिश काढायचं द्रव, पण अ‍ॅसिटोन असलेलं. हल्ली अ‍ॅसिटोन नसलेलंही मिळतं, तेव्हा बाटली वाचून घ्या. कापलेल्या बाजूवर दोन थेंब टाका, वरच्या रंगावर नको. पॉलिस्टायरीन असेल तर तिथल्या तिथे विरघळून खड्डा पडतो. पीयू विरघळत नाही. सुताराच्या गोंदानं माझ्या पट्टीचं जे केलं ते त्यातल्या द्रावकामुळेच. थिनर आणि कॅनमधला स्प्रे पेंटही हेच करतात, म्हणून सोनेरी कड मारायला गेलेल्यांच्या पट्ट्या सुरकुततात आणि त्यांनाही 'रंग चुकीचा वापरला' असं ऐकून घ्यावं लागतं. काडी लावून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पॉलिस्टायरीन काळा धूर सोडत जळतं आणि त्याचे पेटते थेंब खाली पडतात.

एक्सपीएस वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. एक्सपीएस म्हणून, एक्सपीएसच्या भावात घ्या, खुशाल लावा. दुसऱ्या दुकानात तशीच पट्टी 45 रुपये फुटानं मिळत होती. मी 180 दिले होते.

खोकं सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात अजून पडलेलं होतं. दुकानाचं स्टिकर नखानं खरवडून काढलं. खाली कंपनीचं छापील लेबल, त्यावर 'एक्सपीएस' आणि '2000 एमएम'. कायद्यानं खोक्यावर जे छापावं लागतं ते कंपनीनं छापलं होतं, दुकानानं त्यावर स्वतःचं नाव चिकटवलं होतं. स्टिकरसकट आणि स्टिकर काढल्यावर, दोन्ही फोटो घेतले. टेप लावलेल्या पट्टीचेही घेतले, शून्याकडचं टोक आणि शेवटचं टोक, दोन्ही दिसतील असे.

अखंड पट्टी आणि टेप घेऊन दुकानात गेले. आधी "हा माल आमचा नाहीच." खोक्याचे फोटो दाखवल्यावर "गोडाऊनमध्ये पोरानं चुकून भरला असेल." मग बोट भिंतीवरच्या पाटीकडे: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. या पाटीला आपण उगाच भितो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर परत घ्यायची मुदत 30 दिवस धरतात. आणि फुटावर भाव लावणं हाच मुळात वैधमापन कायद्याला, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याला, धरून नाही. लांबीचा भाव मीटरमध्ये सांगायचा असतो. सगळा बाजार फुटावर चालतो हे खरं, पण फूट आणि मीटरच्या या सांध्यातच माझे साडेअकरा फूट गेले.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. मोठ्या कंपन्या तिला उत्तर देतात, पेठेतला दुकानदार देईलच असं नाही. आमच्या दुकानदारानं दिलं नाही. मग साध्या मराठीत नोटीस लिहिली: काय ठरलं, काय आलं, किती लांबी, किती पैसे, पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सोबत फोटो आणि यूपीआयच्या व्यवहाराची प्रत जोडून स्पीड पोस्टानं पाठवली. एक प्रत वैधमापन शास्त्र विभागाच्या स्थानिक निरीक्षकांना. वकील लागला नाही. आयोगात जायची वेळ आली असती तरी पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते.

नोटीस पोचली आणि आवाज बदलला. 'मॅडम'च्या जागी 'ताई' आली. "ताई, माल बदलून देतो, तेवढं ते वैधमापनचं मागे घ्या." बदली मालाला मी नाही म्हटलं. आधी पैसे, मग बाकीचं बोलू. 11,520 रुपये ज्या खात्यावर दिले होते त्याच खात्यातून परत आले. टेम्पोभाडं आणि गोंदाचे पैसे आले नाहीत, मी त्यासाठी भांडत बसले नाही. लावलेल्या पट्ट्या त्यानं परत मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर शिडी घेऊन या म्हणणार होते. नवीन पट्टी दुसरीकडून घेतली, पक्क्या बिलावर. बिलात मालाचं नाव, नगांची संख्या आणि एका नगाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घेतली. टेम्पोवाला जायच्या आत खोकं फोडून एक पट्टी मोजली आणि तिच्या टोकावर दोन थेंब टाकले. टेम्पोवाला माझ्याकडे बघत राहिला.

हे सगळं समजल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावलं. त्यांच्याकडे त्याच दुकानातली पट्टी, कॉन्ट्रॅक्टरनं लावलेली, पीयूचे पैसे घेऊन. स्टुलावर चढून सांध्यात अ‍ॅसिटोनचा कापसाचा बोळा टेकवला, तिथेही खड्डा. त्यांचे पैसे आता परत मिळणं कठीण, कारण कॉन्ट्रॅक्टरनं माल आणि मजुरीचा एकच आकडा लावला होता, कागद काही नाही. माझी काळजी वेगळी होती. त्यांच्या पट्टीच्या मागून एलईडीच्या वायरी उघड्याच टाकल्या होत्या. पीव्हीसीचं वेष्टन पॉलिस्टायरीनला टेकून राहिलं तर त्यातला मऊपणा टिकवणारा घटक हळूहळू पट्टीत झिरपतो आणि वेष्टन कडक होऊन तडकतं. वायर गरम झाली की पट्टीही मऊ पडते. त्या शनिवारी इलेक्ट्रिशियननं एका भिंतीवरची पट्टी सोडवली, वायरी पाइपात घातल्या आणि एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारी डबी, तिथून काढून लॉफ्टच्या कडेला बसवला. उरलेल्या तीन भिंती पुढच्या आठवड्यात आहेत. तोवर काकूंनी त्या दिव्यांचं बटण सेलोटेप लावून बंद ठेवलंय.