ब्रेट हार्टच्या मॅच आणि मेल्टझरचे स्टार

व्यावसायिक कुस्तीचे पत्रकार डेव्ह मेल्टझर यांच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ न्यूजलेटरमधले स्टार, म्हणजे त्यांनी मॅचना दिलेले गुण, पाहून मी जुन्या मॅच शोधतो, आणि त्या कामासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. पण याच स्टारांवरून कोण मोठा, कोण छोटा हे ठरवायला लागलं की माझं त्यांच्याशी पटत नाही. कुस्तीपटू ब्रेट हार्टचंच बघा.

1990 च्या दशकात मेल्टझरनी डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) फक्त चार मॅचना पाच स्टार दिले. त्यातल्या दोन ब्रेटच्या: समरस्लॅम 1994 मध्ये धाकटा भाऊ ओवेनविरुद्धची पिंजऱ्यातली, आणि रेसलमेनिया 13 ची स्टीव्ह ऑस्टिनविरुद्धची (समरस्लॅम आणि रेसलमेनिया हे कंपनीचे मोठे वार्षिक शो). याच दोन भावांची रेसलमेनिया 10 मधली मॅच मात्र पावणेपाचवर थांबली.

हा पाव स्टार मला मान्य नाही. पिंजऱ्यातली मॅच तीसेक मिनिटं चालते. बाहेर पडेल तो जिंकणार, त्यामुळे चढणं, ओढून खाली आणणं, पुन्हा चढणं. दोघं ते कमालीच्या ताकदीनं करतात, पण मधे कुठेतरी तेच तेच वाटायला लागतं. रेसलमेनियाच्या मॅचमध्ये एकही हालचाल वाया जात नाही. ब्रेटचा गुडघा दुखावतो आणि ओवेन तो सोडतच नाही. शेवटी ब्रेट खांद्यावरून लोळण घेऊन पिन करायला, म्हणजे तीन मोजेपर्यंत खांदे जमिनीला टेकवायला, जातो, ओवेन त्याच्यावर बसून त्यालाच पिन करतो. थोरल्याचाच डाव धाकट्यानं उलटवला! माझे पाच स्टार इथे.

ऑस्टिनच्या मॅचबद्दल मात्र दुमत नाही. शार्पशूटरमध्ये, म्हणजे ब्रेटच्या पाय मुरगळणाऱ्या पेचात, अडकलेला ऑस्टिन, तोंडावरून ओघळणारं रक्त, दात विचकून मारलेली किंकाळी. तो हार मानत नाही, शुद्ध हरपते, आणि रेफरी केन शॅमरॉक मॅच थांबवतो. तरी ब्रेट मारतच राहतो. आत आला तेव्हा ऑस्टिन हील (खलनायक) होता, जाताना फेस (नायक) झाला; ब्रेटचं नेमकं उलट. मॅच चालू असताना अख्खं पब्लिक असं फिरवणं फार थोड्यांना जमलंय.

खरी अडचण पुढची. 2017 मध्ये कुस्तीपटू ओकाडा आणि केनी ओमेगाच्या टोकियो डोममधल्या मॅचला सहा स्टार मिळाले, 2018 मध्ये त्यांच्याच ओसाकातल्या मॅचला सात. त्या मॅच अफाट आहेत, सात स्टारवालीसाठी तर तासभराहून जास्त वेळ काढावा लागतो आणि तो काढावाच. पण पाचाची हद्द ओलांडली तेव्हा जुने आकडे तिथेच राहिले. आता नुसती यादी पाहणाऱ्याला ब्रेट-ऑस्टिन दोन स्टारांनी कमी दिसते. ज्या काळात पाच म्हणजे शिखर होतं, त्या काळातला तो पाच आहे, हे यादीत कुठेच दिसत नाही.

म्हणून पैसे भरून न्यूजलेटर घेणार असाल तर मॅचवरचा मजकूर वाचण्यासाठी घ्या. मेल्टझर प्रेक्षक कधी पेटले, कुठे थंड पडले हे लिहितात, आणि ते आकड्यात मावत नाही. ब्रेट पहिल्यांदाच बघणार असाल तर आधी रेसलमेनिया 10, मग पिंजरा, शेवटी ऑस्टिन. भावांचं भांडण त्याच क्रमानं पेटत गेलंय.