बेळगावच्या टिळकवाडीतली संध्याकाळची बोली कन्नड शिकवणी

दुकानात, दवाखान्यात किंवा काउंटरवर बसणाऱ्या मराठी माणसाला ही शिकवणी मी डोळे झाकून सुचवीन. माझं शहापुरात शिलाईचं दुकान आहे. बैलहोंगल, गोकाककडच्या बायका ब्लाउज आणि फॉल-पिकोला साड्या घेऊन येतात. ‘एष्ट आतरी?’ म्हणजे ‘किती झाले?’ याला उत्तर देण्यापुरतं कन्नड बेळगावात बहुतेकांना येतं. त्यापुढे बोलणं सरकत नाही, आणि मला तेच हवं होतं.

सगळ्यात रंगला तो मैत्रीच्या क्रियापदांचा धडा. बाईंनी फळ्यावर तीनच रूपं लिहिली. माडु म्हणजे करणे, माडिकोळ्ळु म्हणजे करून घेणे, आगु म्हणजे होणे. मग ‘दोस्ती’ला तिन्ही लावून दाखवली. माडिकोळ्ळुवरून ‘दोस्ती माडकोंड्वि’ म्हटलं की आम्ही पुढाकार घेऊन दोस्ती केली. आगुवरून ‘अवर जोडी दोस्ती आतु’ म्हटलं की त्यांच्याशी दोस्ती झाली, कुणी ठरवलं नव्हतं. आपल्या ‘केली’ आणि ‘झाली’मध्ये जो फरक, तोच हा. ‘जोडी’ म्हणजे इथे ‘सोबत’, ते तर आपण ‘जोडीनं जाऊया’ म्हणताना वापरतोच. पुस्तकात ‘अवर जोते स्नेह आयितु’ सापडेल, पण आमच्या बाजारात ‘आतु’च चालतं, आणि बाई आधी ‘आतु’ शिकवतात. हे मला फार पटलं.

मैत्री वाढवायला कन्नडात ‘बेळेसु’ म्हणतात. जोंधळ्याचं पीक घेतात तेही बेळेसु. खानापूरकडचा एक शेतकरी वर्गात होता, त्याला हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

त्याच दिवशी एका मुलीनं ‘आमची गट्टी जमली’ याचं कन्नड विचारलं. बाई म्हणाल्या, कन्नडात ‘गट्टि’ म्हणजे घट्ट, पक्कं. तेव्हा ‘दोस्ती गट्टि आतु’ म्हण, कुणालाही कळेल. पुढच्या आठवड्यात तिनं हेच वाक्य शेजारच्या काकूंना म्हणून दाखवलं आणि काकूंनी लगेच कन्नडातूनच पुढचं बोलणं सुरू केलं.

मराठी आर्यभाषा, कन्नड द्रविडी, तरी वाक्यं इतकी सहज कशी जुळतात, हा प्रश्न मी विचारला. बाईंनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण दिलं. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी 1971 मध्ये छापला. शब्द आपापले राहिले, पण वाक्याची घडण पिढ्यान्‌पिढ्या शेजारानं एकसारखी होत गेली, असं त्यात दाखवलंय. सीमाभागात राहणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकायला हवं.

उणीवही सांगते. छापील टिपणं सगळी पुस्तकी कन्नडात आहेत, वर्गात एक शिकायचं आणि घरी दुसरं वाचायचं. लिपी अगदी शेवटी येते, ती आधी हवी. नवे आणि जुने एकाच तुकडीत बसतात, त्यामुळे पहिले काही दिवस नवा माणूस गप्प राहतो. सरकारी परीक्षेसाठी कन्नड हवं असेल तर इथे येऊ नका, तो अभ्यास इथे होत नाही. ज्यांना बोलायचंय त्यांनी संध्याकाळी दुकान जरा लवकर बंद करून यावं. पहिला तास फुकट बसू देतात.