राजदूत ३५० घेताना: नवी केलेली की मूळची?

राजदूत ३५० ही जुनी मोटरसायकल घ्यायची म्हटलं की खान्देशात साधारण दोन प्रकारच्या गाड्या दाखवल्या जातात. एक रिस्टोअर केलेली: ताजा रंग, चकाकतं क्रोम, नवी सीट. दुसरी रंग उडालेली, पण वर्षानुवर्षं एकाच घरात राहिलेली आणि अजून चालू. पहिलीचा भाव बराच चढा असतो. तो द्यावा का?

जळगावचा सराफ सोन्याचे वेगळे आणि घडणावळीचे वेगळे पैसे लावतो, तसा हिशेब इथे मांडा. रंग, क्रोम आणि सीट ही घडणावळ. इंजिन, चेसिस आणि कागद हे सोनं.

इंजिनापासून सुरुवात करू, कारण खरा पैसा तिथेच अडकतो. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्याने बनवलेली ही ३४७ सीसीची गाडी, दोन सिलिंडरची. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात ६४ मिमीचा. झिजला की तो वाढवून मोठा पिस्टन बसवतात, आणि किती मोठा ते पिस्टनच्या माथ्यावर कोरलेलं असतं. हेड उघडून तो आकडा बघाच. पाव मिमी वाढलेला बोअर म्हणजे पुढे भरपूर आयुष्य. पूर्ण एक मिमी वाढलेला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्हचा (सिलिंडरच्या आत बसवायच्या नव्या नळकांड्याचा) खर्च आलाच, तो आत्ताच किमतीतून वजा करा.

त्याहून महत्त्वाचे क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचे, सील. ते कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे याची खरी परीक्षा. भर दुपारी पारोळा ते एरंडोल गाडी पळवा, थांबून थ्रॉटल सोडा. आवाज लगेच खाली बसला पाहिजे. वरच रेंगाळला तर सील गेल्याची शंका घ्या.

मूळच्या गाडीत क्रँकचं काम करावंच लागेल असं धरून चाला. रिस्टोअर केलेलीत ते झालं असेल तर बिलं आणि उघडलेल्या इंजिनाचे फोटो मागा. बिल नाही, तर काम झालंच नाही असं समजून भाव करा. माझ्या मते इथे भिडस्तपणा अजिबात नको.

ही गाडी दोन प्रकारांत आली: हाय टॉर्क ३०.५ बीएचपीची, लो टॉर्क २७ ची. हाय टॉर्कला जास्त मागणी, म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. जाणत्या मिस्त्रीला सिलिंडरचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याची भोकं) दाखवा, फरक तिथे कळतो. पुढच्या चाकाचा मूळचा ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवला असेल तर गाडी थांबते छान, पण मूळपणाचे पैसे देऊ नका.

चेसिस नंबरवर जाड रंग चढलाय का, आकडे पुन्हा ठोकलेत का, हे नखाने चाचपून बघा. याबाबतीत रंग उडालेली गाडी जास्त प्रामाणिक असते. मात्र तिची आरसी बहुधा आजोबांच्या नावावर असते आणि मुदतही संपलेली असते. नूतनीकरण आणि वारसांच्या सह्या विकणाऱ्याने करून द्याव्यात.

या दिवाळीत चालवायची असेल आणि बिलं चोख असतील तर रिस्टोअर केलेली घ्या: मूळच्या चालू गाडीचा भाव, अधिक इंजिनाच्या कामाचं पूर्ण बिल, अधिक रंग-क्रोमच्या खर्चाचा तिसरा हिस्सा. हाताशी विश्वासाचा टू-स्ट्रोक मिस्त्री असेल आणि सहा-आठ महिने थांबायची तयारी असेल, तर मी मूळचीच घ्यायला सांगेन. दोन्हींत इसार द्यायचा तो आरसीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर गाडीशी ताडून झाल्यावरच.